ब्रेकच्या नळीतला बॉइल

डिस्क शाबूत, पॅड नवे, ऑइलची पातळी खुणेच्या वर. तरीही पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर थेट ग्रिपला टेकतो. भराभर दोन-तीनदा पंप केलं की मात्र तोच लिव्हर ताठ होतो आणि गाडी नीट थांबते. मेकॅनिक लिव्हरवर दोन बोटं ठेवतो आणि निदान सांगून मोकळा होतो : ‘एअर धरलीय.’ बहुतेक वेळा त्याचं बरोबरही असतं. प्रश्न एवढाच, की चिमूटभर हवेनं दीडशे किलोच्या गाडीची अशी पंचाईत का व्हावी?

हिशोब सोपा आहे. लिव्हरच्या टोकाशी बोटांनी दहा किलोचा जोर लावला, तर तरफेमुळे मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर तो साधारण पाचपट होऊन पोचतो. या पिस्टनचा व्यास जेमतेम साडेबारा मिलिमीटर, क्षेत्रफळ सुमारे सव्वा चौरस सेंटिमीटर. म्हणजे नळीतल्या ऑइलवर दर चौरस सेंटिमीटरला चाळीस किलोचा दाब, वातावरणाच्या जवळपास चाळीसपट! एवढ्या दाबाखाली ऑइल आकसतं ते हजारात दोन-तीन भाग. हवा मात्र आकसून चाळिसाव्या हिश्शावर येते. नळीत एक मिलीलिटरचा बुडबुडा असेल, तर तो चिरडण्यातच पिस्टनची आठ मिलिमीटर चाल खर्ची पडते. बोटांपाशी तेच अंतर पाचपट, म्हणजे चार सेंटिमीटर. लिव्हरला तेवढीच तर जागा असते.

भराभर पंप केल्यावर लिव्हर का सुधारतो, तेही यातच आलं. प्रत्येक झटक्याला टाकीतलं थोडं जादा ऑइल सीलच्या कडेवरून पुढे ओढलं जातं आणि गेलेली चाल तात्पुरती भरून निघते. बुडबुडा जागच्या जागीच असतो.

थोडक्यात, ब्रेक लागतो पास्कलच्या नियमानं आणि बसतो बॉइलच्या नियमानं. गंमत म्हणजे हे दोन्ही नियम छापले गेले ते एका वर्षाच्या अंतरानं. हवेचा दाब आणि आकारमान यांचं नातं सांगणारं रॉबर्ट बॉइलचं लेखन १६६२ सालचं. त्याच वर्षी पास्कल वारला आणि द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ १६६३ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झाला. बॉइलनं तो वाचला, निष्कर्ष मान्य केले, पण प्रयोगांवर तो चांगलाच घसरला. पास्कलच्या एका प्रयोगात माणूस खोल पाण्याखाली बसून काचेच्या नळीचं टोक मांडीला लावून धरतो. तेवढा वेळ त्यानं पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा, हे पास्कल सांगत नाही, असा टोला बॉइलनं १६६६ साली हाणला. हे प्रयोग खरंच केले होते की नुसते डोक्यात रचले होते, अशी त्याची रास्त शंका होती.

स्वतः बॉइलनं मात्र नळी खरोखर वापरली. ती इतकी उंच होती, की खोलीत मावेना. प्रयोग जिन्यात करावा लागला. वरून पारा ओतत ओतत त्यानं कोंडलेली हवा दाबत नेली आणि वातावरणाच्या चौपट दाबापर्यंतची मोजमापं तक्त्यात मांडली. आजच्या मोटरसायकलचा ब्रेक एका पंजात त्याच्या दहापट दाब देतो.

या तक्त्यामागे आणखी दोन माणसं आहेत आणि शाळेच्या पुस्तकांनी त्यांना साफ गाळलं आहे. इंग्लंडमधल्या लँकशरचा रिचर्ड टाउनली आणि त्याचा डॉक्टर मित्र हेन्री पॉवर. या दोघांनी १६६१ मध्ये पेंडल टेकडीवर पाऱ्याची नळी चढवून नेली आणि कोंडलेली हवा उंचीबरोबर किती फुगते, हे मोजलं. दाब आणि आकारमान व्यस्त प्रमाणात असतात, या कल्पनेचं श्रेय बॉइलनं स्वतः टाउनलीला दिलं होतं. नंतरच्यांनी ते काढून घेतलं.

मोटारीत द्रवाचे ब्रेक यायला त्यानंतर अडीचशे वर्षं लागली. माल्कम लॉकहीड या अमेरिकन तंत्रज्ञानं १९१७ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. (विमानवाला लॉकहीड तो त्याचा भाऊ.) १९६९ च्या होंडा सीबी ७५० पासून द्रवाचा डिस्क ब्रेक सर्वसामान्य मोटरसायकलस्वाराच्या हाती आला.

आता घरची दुरुस्ती. आधी लिव्हर दाबून तसाच धरून ठेवावा. तो हळूहळू खाली सरकत राहिला, तर दोष हवेचा नाही. मास्टर सिलिंडरचं सील गेलंय किंवा कुठेतरी गळती आहे. तिथे हवा काढून काही साधत नाही. सरकत नसेल, पण पंप केल्यावर ताठ होत असेल, तर कॅलिपरच्या निप्पलवर रिंग पाना चढवावा, पारदर्शक नळी बसवावी आणि तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवावं. पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं हवंच, कारण ब्रेक ऑइल रंग उडवतं. एकानं लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्यानं निप्पल पाव फेरा सैल करून पुन्हा आवळायचं, आणि मगच लिव्हर सोडायचा. हा क्रम चुकला, की निप्पलवाटे हवा उलटी आत ओढली जाते. वरच्या टाकीतलं ऑइल संपू दिलं, तरी सगळं पहिल्यापासून.

यात एक विसंगती आहे. बुडबुड्याचा स्वभाव वर जाण्याचा आणि आपण त्याला मीटरभर नळीतून खाली हाकतो. म्हणून हट्टी हवा मास्टर सिलिंडरजवळच्या सर्वांत उंच वळणात दडून बसते. ती काढायला टाकीचं झाकण उघडून लिव्हर अगदी थोडा थोडा हलवायचा. तळाशी मिलिमीटरहूनही लहान छिद्र असतं. त्यातून एकेक बुडबुडा वर येताना दिसतो. काही जण मोठ्या सिरिंजनं खालच्या निप्पलमधून ऑइल वर चढवतात. भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूनं आहे.

‘ऑइलमध्ये पाणी गेलं म्हणून ब्रेक मऊ झाला’, हे मात्र अर्धसत्य. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं हे खरं, पण पाणीही सहजी दबत नाही. थंड ब्रेक त्यानं मऊ होत नाही. त्रास होतो तापल्यावर. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की ही किमान मर्यादा १५५ वर येते. पाचगणीहून वाईला पसरणी घाटानं उतरताना दोन माणसांसह गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. या उतारात जी ऊर्जा सुटते, तिच्यात पाच लिटर पाणी उकळेल. काही इंजिन झेलतं, काही वारा, उरलेली डिस्कवर. तिथे मुरलेल्या पाण्याची वाफ झाली, की बॉइल पुन्हा नळीत हजर. उपाय ‘रेसिंग’ लिहिलेली महागडी बाटली नाही. टाकीच्या झाकणावर छापलेल्या दर्जाचं ताजं, सीलबंद ऑइल दोन वर्षांतून एकदा बदललं, तरी पुरे. डॉट ५ मात्र त्यात कधीही मिसळू नये. ते सिलिकॉनचं असतं.

काम झाल्यावर पहिला ब्रेक चालण्याच्या वेगातच मारून पाहावा. एबीएसच्या गाड्यांवर, म्हणजे आपल्याकडे २०१९ पासूनच्या सव्वाशे सीसीवरच्या नव्या गाड्यांवर, एवढं करूनही लिव्हर कधी कधी मऊच राहतो. तिथे एबीएसच्या युनिटमध्ये हवा अडकलेली असू शकते आणि ती हलवायला त्याचा पंप स्कॅनर जोडून चालवावा लागतो. अशा वेळी पाना खाली ठेवून गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी, तीही टेम्पोत घालून.