शेळ्यांचे जंत आणि औषधाची मात्रा



पावसाळ्यात एखादी शेळी कळपामागे रेंगाळू लागते. चारा खाते, हगवणही नसते. तरी ती निस्तेज होते, जबड्याखाली पाण्याची सूज येते आणि एके सकाळी गोठ्यात मेलेली सापडते. आपण म्हणतो, विषारी पाला खाल्ला असेल. पुष्कळदा हे काम हिमाँकस जंताचे असते. तो चौथ्या पोटात राहून रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो; हजार जंत असले की रोज ५० मिलिलिटर रक्त गेले! अंडी लेंड्यांतून कुरणात पडतात आणि ओल व ऊब मिळाली की आठवडाभरात अळ्या गवतावर चढतात. म्हणून दव सुकल्यावरच शेळ्या चरायला सोडाव्यात.

औषध आहे, मग काळजी कसली? इथेच आपण चुकतो. दहा शेळ्यांची बाटली पंधरांना पुरवायची, वजन नजरेनेच ठरवायचे. मीही हेच करीत होतो; दोन दुभत्या शेळ्या गमावल्यावर शहाणपण आले. अपुऱ्या मात्रेने दुबळे जंत मरतात, चिवट उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. थायाबेंडाझोल हे औषध १९६१ साली आले आणि १९६४ पर्यंत मेंढ्यांतले हिमाँकस त्याला दाद देईनासे झाल्याची नोंद झाली. अल्बेंडाझोल व फेनबेंडाझोल ही त्याच घराण्यातली. तेव्हा एक सोडून दुसरे आणले म्हणजे औषध बदलले असे समजू नये.

भाताची पोती तोलण्याचा काटा घ्या आणि शेळी झोळीत घालून तोला. शेळीचे शरीर औषध लवकर बाहेर टाकते, त्यामुळे मेंढीची मात्रा तिला बहुधा पुरत नाही. पण लेव्हामिसोल मनाने वाढवले तर विषबाधा होते. मात्रा गुरांच्या डॉक्टरांकडूनच घ्यावी. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये. पाजताना मान फार वर करू नका, औषध फुप्फुसात जाते.

सरसकट साऱ्या कळपाला पाजणेही बरे नाही. दक्षिण आफ्रिकेतील मेंढपाळांसाठी पापणीचा रंग पाहण्याची पद्धत निघाली. खालची पापणी उलटून पाहावी. आत लाल-गुलाबी असेल तर थांबावे, पांढुरकी असेल तर डॉक्टरांना दाखवावे. औषधानंतर १०-१४ दिवसांनी थोड्या ताज्या लेंड्या दवाखान्यात तपासायला द्या. अंडी पूर्वीइतकीच दिसली, तर तीच बाटली पुन्हा आणू नका.