तिखट कानाची काठी

३१ डिसेंबरच्या मध्यरात्री न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर चकाकता गोळा खाली उतरतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच घटकेला ओहायो राज्यातल्या पोर्ट क्लिंटन गावात मासा उतरतो! फायबरग्लासचा, चांगला २० फूट लांब. गाव एरी सरोवराच्या काठचं, आणि मासा अर्थातच वॉलआय. मिनेसोटाने १९६५ मध्ये त्याला राज्याचा मासा ठरवलं, आणि तिथल्या बॉडेट गावात त्याचा ४० फुटी पुतळाही उभा आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा आणि सस्कॅचेवान या प्रांतांनीही हाच मान त्याला दिलाय.

एवढ्या लाडक्या माशाची आमिष घेण्याची रीत मात्र चोरपावलांची. म्हणूनच त्याला गरवायची काठी निवडणं हा उत्तर अमेरिकेत तासन्‌तास रंगणारा विषय आहे.

एक ‘टिक’, बस्स

जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ. त्याला जिवंत बारका मासा, जळू नाहीतर मऊ प्लास्टिकची शेपटी अडकवतात. जिग तळापर्यंत सोडायचा, काठीचं टोक वीतभर उचलायचं, पुन्हा खाली येऊ द्यायचं. मासा बहुतेक वेळा जिग खाली येत असतानाच झडप घालतो, आणि नेमकी तेव्हाच दोरी जराशी सैल असते.

झडप म्हणजे लचका नव्हे. वॉलआय तोंड आणि कल्ले एकदम फाकवतो, पाण्याचा घोट आत ओढतो आणि त्या घोटाबरोबर जिगही आत जातो. काही खटकलं तर तितक्याच चपळाईने बाहेर. वरच्या माणसाच्या हाताला पोचते ती एक हलकीशी ‘टिक’. कधी तीही नाही. जिग उगाच जड लागतो, किंवा तळ गाठायच्या आतच मध्ये कुठेतरी थांबतो. तेवढ्यावरून ओळखायचं आणि मनगट उचलायचं.

त्यामुळे माझं ठाम मत असं, की वॉलआयचा रॉड घेताना ‘किती मोठा मासा ओढेल?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी विचारावं ते ‘मला काय काय कळवेल?’

उजेड गेला की जेवण सुरू

वॉलआयच्या डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. टॉर्च मारला की मांजरासारखे त्याचेही डोळे चमकतात. गढूळ पाण्यात, ढगाळ दिवसात, संध्याकाळी आणि रात्री त्याला छान दिसतं, त्याच्या शिकारीला मात्र नाही. सरोवरावर वारा सुटून लाटा उठल्या की उजेड पाण्यात नीट शिरत नाही, आणि तिथले लोक खुशीत नावा बाहेर काढतात. त्याच्या डोळ्याला नारिंगी-लाल आणि हिरवा हे रंग विशेष टिपता येतात, म्हणून दुकानात जिगांच्या डब्यात नारिंगी आणि पोपटी रंगांची रेलचेल.

आता याची दुसरी बाजू बघा. माशाला जेव्हा सगळ्यात चांगलं दिसतं, तेव्हा गरवणाऱ्याला सगळ्यात कमी दिसतं. अंधारात आणि लाटांत दोरीकडे बघून काही कळत नाही. उरतो तो हात, आणि हाताला खबर देणारी काठी.

पॉवर आणि अ‍ॅक्शन

नवखा माणूस हमखास अडखळतो तो इथे. मुठीच्या जरा वर रॉडवर बारीक अक्षरं असतात: साडेसहा फूट, एमएल, एक्सएफ. पहिली लांबी. दुसरी पॉवर, म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. तिसरी अ‍ॅक्शन, म्हणजे काठी वाकते कुठे. स्लो अ‍ॅक्शनची काठी पार मुठीपर्यंत कमान घेते, तर फास्ट आणि एक्स्ट्रा फास्ट काठी फक्त टोकाकडे वाकते आणि खाली ताठ राहते.

जिगिंगसाठी जाणकार बहुतेक वेळा मीडियम-लाइट पॉवर आणि फास्ट किंवा एक्स्ट्रा फास्ट अ‍ॅक्शन सांगतात. कारण सरळ आहे. टोक मऊ असलं तर घोटाबरोबर जिग सहज तोंडात जातो, माशाला अडकाव जाणवत नाही. आणि खालचा भाग ताठ असला तर मनगट उचलताच जोर थेट गळापर्यंत पोचतो. त्याची गरज असते, कारण वॉलआयचं तोंड हाडकं आणि दातेरी असतं. टोक नरम नसेल तर मासा सुटतो, आणि खालचा भाग लेचापेचा असेल तर गळ रुततच नाही.

त्या अक्षरांशेजारी आणखी दोन आकडे असतात, दोरी किती पौंडाची आणि जिग किती वजनाचा. जिगचा आकडा जरूर वाचा. नेहमीचे वॉलआय जिग साडेतीन ते दहा ग्रॅमच्या घरातले. तीस ग्रॅमची आमिषं फेकायला बनवलेल्या काठीवर साडेतीन ग्रॅमचा जिग लावला, तर टोकाला तो असल्याचा पत्ताही लागत नाही.

डेट्रॉईट नदीचा अपवाद

सेंट क्लेअर सरोवरातून निघून एरी सरोवराला मिळणारी डेट्रॉईट नदी म्हणजे अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधली वाहती सरहद्द. वसंतात एरीतले वॉलआय अंडी घालायला हिच्यात चढतात. एप्रिलमध्ये एका बाजूला शहराच्या उंच इमारती आणि दुसरीकडे कॅनडातलं विंडसर, अशा ठिकाणी नावांची झुंबड उडते. प्रवाह जबर. हलका जिग तळ गाठायच्या आतच वाहून जातो, म्हणून इथे १४ ते २१ ग्रॅमचे, वेळेला त्याहून जड जिग लावतात, आणि नाव प्रवाहाबरोबर अशी सोडतात की दोरी सरळ ओळंब्यात राहावी. इथे मीडियम-लाइट काठी जिगच्या वजनानेच वाकून बसेल. मग मीडियम पॉवरची, एक्स्ट्रा फास्ट, साधारण सहा फुटी आखूड काठी हवी.

डेट्रॉईटच्या आसपास मराठी घरं बरीच आहेत. तिथे राहणाऱ्यांनी एप्रिलमधली एखादी सकाळ या नदीवर काढावी, परवाना काढून अर्थातच.

मिनेसोटातल्या मिल लॅक्ससारख्या सरोवरावर जिग लांब फेकून ओढत आणायचा असेल तर गणित उलटं. तिथे साडेसहा ते सात फुटी काठी बरी, फेक लांब जाते आणि सैल दोरी एका झटक्यात आवरता येते. हिवाळ्यात तेच सरोवर गोठलं की लोक बर्फाला भोक पाडून त्याच्या शेजारी बसतात. तेव्हाची काठी अवघी दोन-अडीच फुटांची!

बांबूपासून कार्बनपर्यंत

एकेकाळी उत्तम काठ्या चीनच्या ग्वांगडाँगमधल्या टोंकिन बांबूच्या असत, सहा पट्ट्या चिकटवून केलेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं. १९७३ मध्ये फेनविक कंपनीने ग्रॅफाइटचा रॉड बाजारात आणला आणि हातातलं वजन एकदम उतरलं. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे तंतू. ताठ आणि हलके, त्यामुळे कंपन मधल्या मध्ये विरत नाही. आयएम-६, आयएम-७ असे शिक्के दिसले की लोक हरखतात. मुळात ती हेक्सेल कंपनीच्या तंतूंची नावं आहेत, सगळ्या कारखान्यांना बांधून ठेवणारी प्रतवारी नव्हे. शिक्क्यापेक्षा हाताला काय लागतं ते बघावं.

कार्बनमधून वीज वाहते. आभाळ गडगडायला लागलं की काठी खाली ठेवून किनारा गाठा, आणि विजेच्या तारांखालून जाताना ती उभी धरू नका. ही गोष्ट प्रत्येक दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगायला हवी.

मुठीचा कॉर्क येतो कॉर्क ओकच्या सालीतून. जगातला निम्म्याच्या आसपास कॉर्क एकट्या पोर्तुगालचा. झाड तोडत नाहीत. ते पंचविशीत आलं की पहिली साल काढतात आणि पुढे दर ९ वर्षांनी पुन्हा.

दुकानातच परीक्षा

एक जुनी युक्ती आहे. मूठ तुम्ही धरा, डोळे मिटा. सोबत्याला काठीचं टोक हलकेच स्वतःच्या कंठमण्याला टेकवायला सांगा आणि चार शब्द बोलू द्या. चांगल्या काठीतून त्याचा आवाज तुमच्या बोटांत थरथरतो. एकामागून एक दोन-तीन काठ्या अशा धरल्या की फरक कुणालाही सांगावा लागत नाही.

मग रीळ लावून बघा. २५०० आकाराचं स्पिनिंग रीळ लावल्यावर काठी रिळाच्या दांड्यापाशी बोटावर तोलली गेली पाहिजे. टोकाकडे झुकणारी काठी तासाभरात मनगट दुखवते, आणि दुखऱ्या मनगटाला ‘टिक’ कुठली कळायला?

दोरीचंही तसंच. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि बारीक खबर वाटेतच गिळते. पॉलिएथिलीनची विणलेली दोरी जवळपास ताणतच नाही. म्हणून हल्ली १० पौंडाची विणलेली दोरी आणि पुढे हातभर-दोन हात पारदर्शक फ्लुरोकार्बन, ही जोडी फार चालते. कोकणात खाडीच्या धक्क्यावर नुसत्या दोरीने गरवणारी माणसं दोरी तर्जनीवर घेऊन बसतात. इकडे महागडा रॉड हातात असलेला वॉलआयवालाही तेच करतो, त्याची दोरी रिळापुढे बोटाच्या पेरावरच असते.

शिशाची दुखरी बाजू

मिनेसोटाचा राज्यपक्षी लून. हे देखणे पाणपक्षी तळातले खडे गिळताना हरवलेलं शिसंही गिळतात आणि विषबाधेने मरतात. टंगस्टनचे जिग महाग पडतात खरे, पण टंगस्टन शिशापेक्षा दीडपटीहून घन. तेवढ्याच वजनाचा जिग लहान होतो, पटकन बुडतो आणि तळाचा खडा न्‌ खडा काठीतून कळवतो. पक्षी वाचतात ते वेगळंच. परवडत असेल त्याने टंगस्टनच घ्यावं.

शिशाचा दुसरा किस्सा संतापजनक आहे. ३० सप्टेंबर २०२२ रोजी क्लीव्हलँडमधल्या वॉलआय स्पर्धेत एका जोडीचे मासे दिसायला बेताचे, पण काट्यावर भलतेच भारी भरले. संयोजकांनी तिथेच पोटं चिरली तर आतून शिशाचे गोळे निघाले, आणि दुसऱ्या माशांचे तुकडेही! पुढच्या वर्षी दोघांनी गुन्हा कबूल केला आणि दोघांनाही १० दिवसांची कैद झाली.

खराखुरा मोठा मासा बघायचा तर इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या यादीत विक्रम आहे २५ पौंडांचा, म्हणजे ११ किलोंहून जास्त. टेनेसीतल्या ओल्ड हिकरी सरोवरात मॅब्री हार्पर यांनी तो १९६० च्या ऑगस्टमध्ये पकडला. त्यावर वाद पुष्कळ झाले, पण नोंद कायम आहे. गळाला रोज लागणारा मासा याच्या पासंगालाही पुरत नाही, तेव्हा विक्रमाच्या आशेने जाडजूड काठी घेण्यात काही अर्थ नाही.

काठी मोडते कशी?

माशामुळे क्वचितच. मोडते गाडीच्या दारात सापडून, आणि मासा नावेपाशी आला की ती आभाळाकडे ताठ उभी केल्याने. तशी उभी केली की सगळा भार पेन्सिलीहून बारीक टोकावर येतो आणि ते कट्‌कन तुटतं. शेवटच्या दोन हातांवर काठी तिरकी खाली ठेवा, सोबत्याला जाळं माशाच्या डोक्याखाली धरू द्या, आणि गळ काढताना बोटांऐवजी पक्कड वापरा, कारण त्याचे दात चांगलेच टोकदार असतात.