बर्फावर पहिले पाऊल टाकण्यापूर्वी

दिवाळी सरली की सावेडीतील अनेक घरांत परदेशप्रवासाच्या बॅगा भरल्या जाऊ लागतात. मुलगा टोरांटोला, मुलगी मिनेसोटात. आणि नातवंडाचे आगमन काही ऋतू पाहून होत नाही. निघण्यापूर्वी आईवडील औषधांची यादी घेऊन दवाखान्यात येतात. औषधांविषयी पुष्कळ विचारतात, परंतु एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : तेथील बर्फाळ हिवाळ्यात दिवसभर करायचे काय?

येथे गुलमोहर रस्त्यावर नित्यनेमाने फिरणारी व्यक्ती तेथे तीन-चार महिने खिडकीशी बसून राहते. मांड्यांचे स्नायू रोडावतात, साखर वाढते, झोप बिघडते आणि मन उदास होते. परतल्यावर जिना चढताना धाप लागते, तेव्हा त्या बैठकीची किंमत कळते. या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक सुंदर मार्ग त्याच देशांत आहे. त्याचे नाव स्नोशूइंग.

सुपाएवढी पावले

काळ्या रानात पावसानंतर पाय घोट्यापर्यंत रुततो. फळी टाकली की त्याच चिखलावरून सहज जाता येते. स्नोशूचे तत्त्व हेच. पायातील बुटाखाली सुपासारखी रुंद चौकट पट्ट्यांनी बांधायची. शरीराचा भार मोठ्या पृष्ठभागावर विभागला जातो आणि पाय भुसभुशीत बर्फात खोल जात नाही. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी लाकडी चौकटीत कातड्याच्या वाद्या विणून असे जोडे बनवीत. फ्रेंच लोकांनी त्यांना ‘राकेत’, म्हणजे टेनिसची रॅकेट, असे नाव दिले. आजच्या जोड्यांची चौकट बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि तळाशी धातूचे दाते असतात. जोडे भाड्याने मिळतात. कॅनडात ओटावाजवळील गॅटिनो उद्यानासारख्या ठिकाणी यासाठी खास आखलेल्या वाटा आहेत.

येथे घसरत जायचे नसते; केवळ चालायचे असते. म्हणूनच स्कीइंगपेक्षा हा छंद ज्येष्ठांना अधिक मानवतो. मात्र सपाट रस्त्यावरील चालण्याच्या मानाने यात मध्यम गतीनेही साधारण दीडपट ऊर्जा लागते, आणि चढावर त्याहून बरीच अधिक. ‘मी रोज चालतो, मला काय होणार?’ हा विश्वास येथे अपुरा पडतो.

थंडी आणि हृदय

थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरील भार वाढतो. त्यात श्रमांची भर पडली की अरुंद झालेल्या हृदयधमन्यांना रक्तपुरवठा पेलत नाही. म्हणून पुढील व्यक्तींनी आपल्या डॉक्टरांच्या स्पष्ट अनुमतीशिवाय बर्फात उतरू नये : ज्यांना अलीकडे हृदयविकाराचा झटका आला आहे किंवा स्टेंट बसविला आहे, चालताना ज्यांच्या छातीत भरून येते, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, ज्यांना भोवळ येते, ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत अथवा गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, आणि मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना गेली आहे. बधिर पायाला गारठा कळत नाही, आणि हिमदंश नकळत होतो.

तयारी सावेडीतच

प्रस्थानापूर्वी सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवावेत. न थांबता 30 मिनिटे चालता येणे आणि धाप न लागता दोन मजले चढता येणे, ही किमान पात्रता समजावी. ती नसेल तर प्रथम तपासणी करून घ्यावी. ती असेल तर रोज दोन व्यायाम करावेत. पहिला : भिंतीला टेकविलेल्या खुर्चीवरून, हातांचा आधार न घेता, 10 वेळा उठणे-बसणे. दुसरा : ओट्याला हात लावून एका पायावर 10 सेकंद उभे राहणे, मग दुसऱ्या पायावर. जागतिक आरोग्य संघटनेने 65 वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान 3 दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. बर्फ असो वा नसो, पडण्यापासून ते आपले रक्षण करतात.

पहिला दिवस

विमानप्रवासाचा शीण आणि झोपेची घडी पूर्ववत होईपर्यंत थांबावे. पहिल्या दिवशी सपाट वाट, निरभ्र दुपार आणि सोबत एक तरुण माणूस असावा. तापमान उणे 10 अंशांखाली असेल किंवा बोचरा वारा असेल, तर बेत पुढे ढकलावा. दहा मिनिटे जावे आणि मागे वळावे. थकवा येण्याची वाट पाहू नये. चालताना पाय नेहमीपेक्षा किंचित फाकवून ठेवावेत, म्हणजे चौकटी एकमेकींवर पडत नाहीत. दोन्ही हातांत काठ्या घ्याव्यात. उलट पावली चालू नये; वळताना लहान लहान पावलांनी अर्धवर्तुळ घ्यावे. पडल्यास घाई न करता कुशीवर वळावे, गुडघ्यांवर यावे आणि काठीच्या आधाराने उठावे.

वेग बोलण्यावरून ठरवावा. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर गती योग्य. शब्दागणिक श्वास घ्यावा लागला तर थांबावे. बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांनी नाडीवर विसंबू नये, कारण श्रमातही ती फारशी वाढत नाही.

अंगाला लागून सुती कपडा नको. घामाने भिजलेले सूत शरीराची ऊब काढून घेते. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे पातळ थर घालावेत. शुभ्र ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे परावर्तित करतो, म्हणून गडद चष्मा आवश्यक आहे. दमेकऱ्यांनी नाकावर मफलर घ्यावा आणि इन्हेलर जवळ ठेवावा. इन्सुलिन गोठले की निरुपयोगी होते. ते आतल्या खिशात ठेवावे, सोबत साखरही असावी.

मुलांसाठी दोन शब्द

आईवडील उत्साहात ‘ठीक आहे’ म्हणतात. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा. छातीत, जबड्यात वा हातात दुखणे, दरदरून घाम, अचानक थकवा, बोलण्यात अडखळणे, यांपैकी काहीही दिसल्यास कॅनडा व अमेरिकेत 911 वर तत्काळ फोन करा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी रुग्णालय गाठा. विमा घेताना जुने आजार आणि असे खेळ त्यात समाविष्ट आहेत का, हे वाचून घ्या. आणि एक गोष्ट निक्षून सांगतो : अंगणातील बर्फ उपसण्यासाठी वडिलांच्या हाती फावडे देऊ नका. थंडीत श्वास रोखून जड वजन उचलणे हृदयाला रमतगमत चालण्याहून कितीतरी अधिक घातक असते.

ज्यांना बर्फात जाण्याची अनुमती नाही, त्यांनी खंत करू नये. तेथील मोठ्या मॉलमध्ये सकाळी चालणारे अनेक ज्येष्ठ दिसतील. त्यांत सामील व्हावे. आपल्या प्रकृतीला जी वाट मानवेल ती निवडावी. मात्र हिवाळा संपेपर्यंत खुर्चीत बसून राहू नये.