जड झालेले स्टेअरिंग

आयुष्य मराठी शिकविण्यात गेलेल्या मुख्याध्यापकाने ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगविषयी लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु गेल्या वैशाखात या विद्येचा एक धडा आम्हांस गिरवावा लागला. तो इतर बागायतदार कुटुंबांच्याही उपयोगी पडेल, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

आमची वडिलार्जित बाग डिचोली तालुक्यात आहे. वर माड, केळी आणि थोड्या पोफळी. खाली वायंगणाचे एक शेत. नोकरीपायी आम्ही पेडण्यास स्थायिक झालो. बाग राखली ती आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी. दादांचे वय आज पासष्ट, आणि चिरंजीव नोकरीनिमित्त आखातात. मदतीस काय तो एक जुना, लहान ट्रॅक्टर. अशा जुन्या ट्रॅक्टरांना पॉवर स्टेअरिंग नसते. पुढची चाके वळतात ती चालविणाऱ्याच्या मनगटाच्या बळावर. गेल्या वर्षभरात हे स्टेअरिंग इतके जड होत गेले की दादांचा उजवा खांदा कायमचा दुखू लागला. एका संध्याकाळी बांधापाशी ट्रॅक्टर वेळेवर वळला नाही आणि पुढचे चाक पाटात उतरले. उलटला नाही, हे दैव म्हणावयाचे.

एका कारागिराने वरवर पाहून निकाल दिला, "स्टेअरिंग बॉक्स गेला. नवा घाला." खर्चाचा आकडा ऐकून दादा म्हणाले, "विकून टाकतो. बाग पडीक राहिली तर राहू दे." हे शब्द आमच्या जिव्हारी लागले. आमचा एक माजी विद्यार्थी पेडण्यात वाहनदुरुस्तीचा व्यवसाय करतो. त्यास सांगताच तो म्हणाला, "सर, बॉक्स बदलण्याआधी दोष नेमका कुठे आहे, ते तरी पाहूया." पुढच्याच रविवारी कोलवाळचा पूल ओलांडून, थिवी आणि अस्नोडा मार्गे आम्ही दोघे बागेत पोहोचलो.

त्याने प्रथम आम्हांस रचना समजावून दिली. हाताने फिरविलेले चक्र दांड्यामार्फत स्टेअरिंग बॉक्सातील दाते फिरविते. बॉक्साबाहेरचा ड्रॉप आर्म ड्रॅग लिंक नावाचा दांडा ओढतो अथवा ढकलतो, आणि त्यायोगे एक चाक किंगपिन नावाच्या उभ्या खिळीभोवती वळते. टाय-रॉड दुसऱ्या चाकास सोबत नेतो. वळणात आतल्या बाजूचे चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळावे लागते. ही युक्ती घोडागाडीच्या काळातील आहे. म्युनिकच्या लांकेन्सपर्गर नामक कारागिराची ही कल्पना रूडॉल्फ आकरमान यांनी १८१८ साली इंग्लंडात पेटंट केली. तात्पर्य, जडपणा हातास जाणवतो चक्रावर. पण त्याचे मूळ या साखळीतील कोणत्याही कडीत असू शकते.

म्हणून शोध क्रमाने घ्यावयाचा. पहिली पायरी बिनखर्चाची: पुढच्या टायरांतील हवा. ती कमी असेल तर टायर जमिनीवर पसरतो आणि चाक वळविणे जड जाते. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबाइतकी हवा असावी. आमच्या टायरांत ती पुरेशी होती.

दुसरी पायरी: सपाट जागी इंजिन बंद करून, हातब्रेक लावून, मागील चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. पुढचा आस जॅकने उचलून दोन्ही बाजूंस भक्कम आधार दिले. निव्वळ जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरू नये. चाके अधांतरी असता स्टेअरिंग हलके झाले, तर संशय टायर, पुढचा भार अथवा किंगपिनखालील भार पेलणारे बेअरिंग यांवर जातो. आमचे तरीही जडच राहिले.

तिसरी पायरी निर्णायक ठरली. ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडविली आणि चक्र फिरविले. ते दोन बोटांनी फिरले! जड राहिले असते, तर दोष बॉक्सात किंवा चक्राच्या दांड्यात ठरला असता. बॉक्सातील तेल आटणे, त्यात पाणी शिरणे, अथवा ढिलेपणा घालविण्यासाठी समायोजनाचा स्क्रू अति आवळणे, ही त्याची नेहमीची कारणे. आमचा बॉक्स मात्र निर्दोष होता.

मग टाय-रॉड सोडवून एकेक चाक हाताने वळविले. डावे सहज वळले. उजवे जागचे हलेना. त्याच्या किंगपिनवरील ग्रीसचे निपल चिखलाने दगडासारखे भरले होते. वायंगणाच्या चिखलणीतून ट्रॅक्टर निघे आणि तसाच मांगरात उभा राही. वर्षानुवर्षे ग्रीसगन निपलास लागत होती, परंतु ग्रीस आत जातच नव्हते. गंजलेली किंगपिन काढली. बुश, बेअरिंग आणि निपल नवे घातले. खर्च नव्या बॉक्साच्या तुलनेने क्षुल्लक झाला.

निघताना त्याने पाच गोष्टी बजावल्या. ग्रीस भरताना चाक उचलून धरावे, म्हणजे ते भाराच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते. जुने, काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावे. चिखलातील काम झाले की त्याच दिवशी धुऊन ग्रीस घालावे. वाकलेला टाय-रॉड तापवून अथवा ठोकून सरळ करू नये, बदलावा. आणि उघडलेल्या प्रत्येक सांध्यास नवी कॉटर पिन घालावी, जुनी पुन्हा वापरू नये.

मृगाच्या आधी दादांनी स्वतः बाग नांगरली. ट्रॅक्टर विकण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. मांगराच्या भिंतीवर आम्ही खडूने ग्रीसच्या तारखांचा तक्ता आखून दिला आहे. फळ्यावर लिहिण्यात आयुष्य गेले. ही एक भिंत अधिक. दर खेपेस दादा तीवर तारीख घालतात, आणि आम्ही गेलो की ती तपासतो.