पाहुण्या संशोधकाचा खर्च कोण उचलतो?

जर्मनीतल्या झारब्रुकेन शहरात कॉम्प्युटर सायन्सला वाहिलेली माक्स प्लांक संस्था 1990 पासून आहे. अशा ठिकाणी वर्षभर काम करावे, असे आपल्याकडे पीएचडी झालेल्या अनेकांना वाटते. पण गाडी पैशापाशी अडते. अडण्याचे कारण दोन गैरसमज. एक, बोलावणारी प्रयोगशाळाच सगळा खर्च करते. दुसरा, पैशांची सोय झाल्याशिवाय तिथल्या प्राध्यापकाला लिहिण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळेकडे स्वतःचा निधी असतो, पण तो बराचसा आधीच ठरलेल्या प्रकल्पांना बांधलेला असतो. पाहुण्याचा खर्च अनेकदा तिसरीच संस्था उचलते, आणि यजमान ठरल्याशिवाय ती अर्ज विचारात घेत नाही. म्हणून यजमान आधी आणि पैसा मागून, हाच क्रम व्यवहाराचा आहे.

याचा पुरावा योजनांच्या नियमांतच सापडतो. हुम्बोल्ट फेलोशिपसाठी अर्ज संशोधक स्वतः करतो, पण जर्मनीतल्या यजमानाचे संमतिपत्र आणि कामाचा आराखडा सोबत लागतो. पीएचडीला चार वर्षे उलटली नसतील, तर ती 6 ते 24 महिन्यांसाठी मिळू शकते. युरोपीय संघाच्या मारी स्क्वोडोव्स्का-क्युरी फेलोशिपमध्ये तर अर्ज यजमान संस्थेबरोबर मिळूनच करावा लागतो. ‘हे पैसे युरोपीय नागरिकांनाच मिळतात’ किंवा ‘हल्ली एआयवाल्यांनाच विचारतात’ ही समजूतही टिकत नाही. क्युरी फेलोशिपला राष्ट्रीयत्वाची अट नाही, आणि हुम्बोल्टमध्ये देशानुसार वा विषयानुसार कोटा नाही. ग्राफ अल्गोरिदमवर काम करणाऱ्याचा अर्जही त्याच रांगेत असतो.

‘फेलोशिप कोणतीही असो, पैसा तो पैसा’ हा तिसरा गैरसमज जास्त महागात पडतो. हुम्बोल्टची रक्कम विद्यावेतन असते, नोकरीचा पगार नव्हे. क्युरीमध्ये यजमान संस्था रीतसर नोकरीचा करार करते आणि सामाजिक सुरक्षेच्या कपाती त्यातून होतात. कुटुंब घेऊन जाणाऱ्याने हा फरक अर्जाआधीच समजून घ्यावा. क्युरीची दुसरी अटही ध्यानात ठेवावी: अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांहून अधिक काळ राहिलेले किंवा काम केलेले चालत नाही. म्हणजे मिळेल त्या पैशावर जर्मनीत सव्वा वर्ष काढून मग तिथल्याच प्रयोगशाळेसाठी क्युरीचा अर्ज करू म्हणाल, तर दार बंद झालेले असते. अमेरिकेला फुलब्राइट-नेहरू फेलोशिपवर जाणाऱ्याला काम संपल्यावर दोन वर्षे भारतात राहण्याची व्हिसाची अट लागू होते. ती पूर्ण होईपर्यंत तिथे एच-1बी व्हिसावर नोकरीला जाता येत नाही. पैसा कुठून आला, यावर पुढची वाट ठरते ती अशी.

यावर रास्त आक्षेप असा, की यजमान आधी म्हटले की ओळखीपाळखी असलेल्यांचेच फावते. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजात शिकवणाऱ्याने कोणाचा हात धरायचा? ओळखीचा फायदा होतो, हे नाकारता येणार नाही. नामांकित संस्थेतल्या मार्गदर्शकाच्या एका फोनने होणारे काम इतरांना चार पत्रांनी करावे लागते. पण कॉम्प्युटर सायन्समध्ये ही दरी तुलनेने उथळ आहे, कारण शोधनिबंध ‘अर्काइव्ह’ (arXiv) या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात आणि पुष्कळदा कोडही खुले असते. ‘रिस्पेक्टेड सर, मला तुमच्या क्षेत्रात रस आहे’ या पत्राला सहसा उत्तर येत नाही. ‘तुमच्या निबंधातली तिसरी मर्यादा विरळ ग्राफसाठी सुधारता येते, टिपण सोबत जोडले आहे’ या पत्राला येण्याची शक्यता बरीच जास्त, मग ते परभणीहून गेलेले का असेना. शिवाय ते टिपण वाया जात नाही. यजमानाने होकार दिला, तर फेलोशिपच्या अर्जातला आराखडा त्यातूनच उभा राहतो. नकार आला, तर तेच घेऊन दुसऱ्या प्रयोगशाळेला लिहिता येते. योजनांच्या याद्या चाळण्यात जाणारा वेळ म्हणूनच आधी त्या टिपणाला द्यावा.