काढून टाकलेला विद्यार्थी, बोलावलेला प्राध्यापक

प्रवेशयादीत नाव लागले की भवितव्य उजळले, आणि हजेरीपटावरून नाव कमी झाले की ते बुडाले, असा पुष्कळांचा समज असतो. जर्मन चित्रपट-अभ्यासक व व्हिडिओ-कलावंत हारून फारोकी यांच्या चरित्राने तो खोटा ठरविला.

फारोकी यांचा जन्म १९४४ सालचा. वडील भारतीय डॉक्टर, आई जर्मन. बालपणाची काही वर्षे भारतात व इंडोनेशियात गेली. १९६६ मध्ये पश्चिम बर्लिन येथे चित्रपट व दूरचित्रवाणी यांचे शिक्षण देणारी अकादमी उघडली. तिच्या पहिल्याच तुकडीत त्यांना प्रवेश मिळाला. पुढे जगद्विख्यात झालेला दिग्दर्शक फासबिंडर याला मात्र त्या वर्षी तेथे प्रवेश नाकारला गेला! पण १९६८ च्या विद्यार्थी-चळवळीत अकादमीने १८ विद्यार्थ्यांना काढून टाकले; त्यांत फारोकीही होते.

पुढच्याच वर्षी त्यांनी व्हिएतनाम युद्धातील नेपाम या दाहक अस्त्रावर लघुपट काढला. भाजलेल्या देहांची चित्रे दाखविली, तर प्रेक्षक डोळे मिटून घेणार. मग त्या आगीची जाणीव द्यावी कशी? पडद्यावर फारोकी मेजाशी बसून निवेदन वाचतात आणि जळती सिगारेट स्वतःच्या हातावर विझवितात. सिगारेट ४०० अंशांवर जळते, नेपाम ३,००० अंशांवर, असे निवेदक सांगतो. उरलेले गणित प्रेक्षकाने मनाशी करावयाचे.

तुलना हीच त्यांची अध्यापनपद्धती ठरली. ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार चित्रित केले होते. फारोकी यांनी शंभर वर्षांतील तशी दृश्ये गोळा करून १९९५ मध्ये एका व्हिडिओपटात मांडली. ग्रंथकार उतारा देऊन त्यावर भाष्य करतो; फारोकी एका चित्रावर दुसऱ्या चित्राने भाष्य करीत. म्हणूनच त्यांच्यातील अभ्यासक आणि कलावंत निराळे काढता येत नाहीत.

अशा माणसाला विद्यापीठांनी बोलावून घेतले. १९९३ ते १९९९ या काळात त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे, अध्यापन केले. पुढे ते व्हिएन्नाच्या ललितकला अकादमीत प्राध्यापक झाले. एवढेच नव्हे, तर ज्या बर्लिनच्या अकादमीने त्यांना काढले, तेथेही त्यांनी शिकविले. तेथील त्यांचा विद्यार्थी ख्रिस्तियान पेट्झोल्ड नामवंत दिग्दर्शक झाला आणि गुरुशिष्यांनी मिळून पटकथा रचल्या. २०१४ मध्ये फारोकी निवर्तले. त्यांच्या सहकार्याने लिहिलेला ‘फिनिक्स’ त्याच वर्षी प्रदर्शित झाला.

प्रवेश देताना वा नाकारताना संस्थेपुढे विद्यार्थ्याच्या पोथीचे एखादेच पान असते. निकाल त्या पानापुरताच द्यावा. पुढील पाने अजून लिहावयाची असतात.