मेंदूतले हिस्टामिन येते कोठून?

श्रोतेहो, सर्दीची गोळी घेतली की डोळे पेंगुळतात, हा अनुभव पुष्कळांचा आहे. औषध नाकासाठी, मग झोप का यावी?

अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, खाज सुटते, ते बहुतांशी हिस्टामिन नावाच्या द्रव्याचे काम. हेच द्रव्य मेंदूतही असते. पण तिथे ते आपल्याला जागे ठेवते. आता गंमत पाहा. रक्तातले हिस्टामिन मेंदूत सहसा शिरू शकत नाही. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक पहारा देतात. मग ते येते कोठून? मेंदू ते स्वतःच तयार करतो! डाळी, दूध, अंडी यांतून मिळणारे हिस्टिडिन पहारा ओलांडून आत जाते आणि एक एन्झाइम त्याचे हिस्टामिन बनवते. हे काम मुख्यतः मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागातला मज्जापेशींचा एक लहानसा पुंजका करतो. १९८४ साली शास्त्रज्ञांनी तो निश्चित दाखवून दिला. एका विहिरीचे पाट साऱ्या शिवारात जावेत, तसे त्याचे तंतू मेंदूभर पसरलेले असतात. आपण झोपलो की या पेशी गप्प होतात.

सर्दीच्या जुन्या धर्तीच्या गोळ्या पहारा चुकवून आत शिरतात आणि हिस्टामिनचे काम अडवतात. म्हणून गोळी घेताना डॉक्टरांना विचारावे, "हिने झोप येते का?" येत असेल, तर ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवू नये.

आणि गुरुजी, वर्गात एखादा मुलगा पेंगू लागला, तर रागावण्याआधी एवढे विचारा, "बाळ, सर्दीचे औषध घेतलेस का रे?"